बसायला मिळावं म्हणून

आमच्या हिंगणघाटात पाहुणे जेवायला बसले की घरची बाई दिसेनाशी होते. ती स्वयंपाकघरात असते. गरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, भजी ऐनवेळी तळली पाहिजेत, पुडाची वडी तर कढईतून काढल्या काढल्याच खाल्ली पाहिजे. आपल्या पाहुणचाराचा मानच तसा आहे. माझ्या आईला आणि सासूबाईंना मी पाहुण्यांशी बोलताना पाहिलं ते बहुतेक दारातून, हातात झारा धरून. त्या पोळीची चव मी विसरलेले नाही आणि तो मानही मला हलका वाटत नाही. पण कॉलेजच्या मैत्रिणी येणार असतात तेव्हा मला दारातून बोलायचं नसतं. त्यांच्यात बसायचं असतं. म्हणून त्या येणार म्हटलं की मी ओव्हन काढते.

भाजलेल्या पदार्थाचं एक बरं असतं. तो आदल्या दिवशी होतो, डब्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला मोकळं सोडतो. पोळी निवली की तिचा मान गेला. नानकटाईचं उलट आहे. ओव्हनमधून काढताना ती इतकी मऊ असते की उचलायला गेलं तर बोटांखाली मोडते. पुरती निवली की मग खुसखुशीत होते. गरम असताना ज्याचं काहीच नसतं अशा पदार्थाने पाहुणचार करता येतो, हे मला फार उशिरा उमगलं.

आम्ही नागपूरला एल.ए.डी. कॉलेजात गृहविज्ञानाला होतो. १९३२ पासूनचं हे मुलींचं कॉलेज, लेडी अमृताबाई डागांच्या नावाचं. डागा हे नाव हिंगणघाटच्या माणसाला परकं नाही. बन्सीलाल अबीरचंद ही त्याच घराण्याची पेढी, आणि त्या नावाची कापडगिरणी आमच्या गावात होती. इथल्या कापसावर ज्यांची गिरणी चालली त्यांच्याच नावाच्या कॉलेजात कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी शिकायला गेली. वडिलांना या गोष्टीचं अप्रूप होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आवर्जून सांगत.

होस्टेलवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. अकोल्याची, गोंद्याची, पुसदची, वर्धेची. मी हिंगणघाटची. सुटी संपवून परतलो की प्रत्येकीचा डबा खोलीच्या मधोमध उघडा पडायचा. गोंद्याची पोह्यांचा चिवडा आणायची. पुसदच्या आईच्या हातच्या शेवेत ओवा जास्त असायचा आणि आम्हाला तो तसाच हवा असायचा. वर्धेची मात्र घरचं काही आणत नसे, ती गोरस भांडारातला गोरसपाक आणायची: गाईच्या तुपातला, भट्टीत भाजलेला, दाताखाली भुरभुरणारा. जमनालाल बजाजांनी शेवटच्या काळात गोसेवेचं काम अंगावर घेतलं; ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. त्या गोसेवेच्या परंपरेतला हा गोरसपाक आम्ही रात्री दिवे मालवल्यावर गादीवर बसून खात होतो. त्या वयात त्यातलं काही डोक्यात नव्हतं. वर्धा म्हटलं की तोंडाला गोरसपाकाची चव यायची एवढंच.

आज मागे वळून पाहते तेव्हा त्या डब्यांतलं मोठेपण मला पदार्थांहून दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. तिथे यजमान कुणी नव्हतं. वाढणारी नव्हती, त्यामुळे उपाशी राहून सगळ्यांचं झाल्यावर जेवणारीही नव्हती. पाच जणी एका डब्याभोवती बसलेल्या, सगळ्यांचे हात एकाच वेळी आत. लग्नं झाली, आणि आम्ही एकमेकींच्या घरी पाहुण्या म्हणून जाऊ लागलो. जिच्या घरी जायचं तीच नेमकी स्वयंपाकघरात. अकोल्याला गेलो तेव्हा अकोल्याची दिवसभर गॅसपाशी होती आणि आम्ही तिच्या नवऱ्याशी गप्पा मारून आलो. माणूस चांगला, पण आम्ही त्याच्यासाठी गेलो नव्हतो. परतीच्या गाडीत पुसदची म्हणाली, “तिला तर भेटलोच नाही गं.” ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

ओव्हनची सवय होस्टेलच्या आधीची, म्हणजे खरं तर भट्टीची. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरचा मैदा, रवा, साखर आणि डालडा पिशवीत भरून बेकरीत न्यायचे. बेकरीवाला पत्रे द्यायचा. त्यावर आपल्या हाताने गोळे मांडायचे आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. गल्लीतल्या सगळ्या बाया तिथे. घरी ज्यांना एकमेकींशी चार शब्द बोलायला सवड नसायची त्या भट्टीपाशी दोन-दोन तास बसून असायच्या, कारण भट्टीची घाई कुणालाच करता येत नाही. संध्याकाळी पत्र्याचे डबे भरून बिस्किटं घरी यायची. आईला त्या दिवसाची वाट पाहताना मी बघितलं आहे. बिस्किटं आम्हा मुलांना हवी असायची. तिला तो बाक हवा असायचा, असं आता वाटतं.

नानकटाई मी त्याच वळणाची करते, फक्त घरच्या तुपातली. डिसेंबरात तूप रात्रीतून आपसूक थिजतं. ते परातीत घेऊन तळहाताने फेटायचं. आधी ते पिवळं, जड, हाताला चिकटणारं असतं. मग पिवळेपणा जातो, पांढरं होतं, फुगतं, आणि हात एकदम हलका फिरायला लागतो. त्यात पिठीसाखर, मग मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, वेलची, चिमूटभर सोडा. पाण्याचा थेंबही नाही. पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट झालं. फेटताना तुपात कोंडलेली हवा आणि सोड्यातून सुटणारा वायू उष्णतेने फुगतो आणि वरचा पृष्ठभाग तडकतो. ओव्हन १६० ते १७० अंशांवर ठेवायचा. त्याहून कमी तापला असेल तर पीठ धरायच्या आत तूप वितळून सगळं पसरतं. फार तापला तर वरून रंग येतो आणि आत कच्चं राहतं. काचेतून बघत राहावं. गोळ्यावर पहिली भेग पडते, मग तिच्यातून दुसरी फुटते, आणि घरभर वेलचीचा वास सुटतो.

ओव्हन म्हणजे शहरी चोचला, असं आमच्याकडे कुणी म्हणालं की मला रोडग्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. भाजून पाहुणे जेवू घालणं विदर्भाला नवं नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. लहान लहान पाऱ्या एकीवर एक ठेवून कडा वर ओढून बंद करायच्या आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायच्या. वर राख. भाजून निघाले की कापडाने झटकायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात, देवळापाशी, नवस फेडायला. आणि या स्वयंपाकात विस्तवापाशी बहुधा गडीमाणसं असतात. बाया झाडाखाली बसतात. वर्षातून कधीतरी बायांना पंगतीच्या आधी बसायला मिळतं ते भाजण्याच्या या रीतीमुळे, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

यंदा मैत्रिणी हिवाळ्यात आल्या. नानकटाई आदल्या दिवशी झालेली, मक्याच्या पिठाचा केक झाकून ठेवलेला, भाज्या थरांनी लावलेलं मोठं भांडं नुसतं ओव्हनमध्ये सरकवायचं बाकी. तरी पहिल्या अर्ध्या तासात मी सवयीने तीनदा उठले. गोंद्याचीने हाताला धरून खाली ओढलं. “काय करून राहिली गं तू? बस नं इथं!” मग बसले.

बोललो काय? गोंद्याचीच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या मुलाच्या नोकरीबद्दल, पुसदचीच्या घरी शेतीच्या वाटणीवरून चाललेल्या अबोल्याबद्दल. ती हे सांगताना मध्येच थांबली आणि बराच वेळ गप्प राहिली. तेव्हा आत तव्यावर पोळी असती तर मी उठले असते, आणि ती पुढचं बोलली नसती.

दुपारी हाताशी काहीच काम नव्हतं, म्हणून बाहेर पडलो. वर्धेची शाळेत भूगोल शिकवायची. तिला विल्यम लॅम्टनची कबर बघायची होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून केला. पुढे नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला तो आमच्या हिंगणघाटात वारला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्टनची कबर मात्र इतक्या वर्षांत मीही नीट पाहिली नव्हती. वर्धेची तिथे उभी राहून अर्धा तास आम्हाला शिकवत होती, अगदी वर्गात शिकवावं तशी, आणि आम्ही मुकाट्याने ऐकत होतो. तिला शिकवताना आम्ही कुणीच आजवर पाहिलेलं नव्हतं.

परत येताना वणा नदीच्या पुलावर अकोल्याची म्हणाली की पुढच्या वेळी तिच्याकडे, पण ओव्हन तिच्या घरात नाही. पुसदचीने लगेच सोडवून टाकलं: शेतात रोडगे करू, अकोल्याचीच्या नवऱ्याला आणि दिरांना गोवऱ्या लावायला सांगू. मार्गशीर्षातला रविवार ठरला आहे. वांगी पुसदहून येणार, तूप माझ्याकडून. गोरसपाक कुणी आणायचा ते विचारावं लागलं नाही.