घर ज्याचं, मर्जी त्याची?

मी हैदराबादेत इतिहास शिकवतो. काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत टू-लेटच्या पाट्या बारा महिने लटकलेल्या असतात. खाली कुठे ‘फक्त फॅमिली’, कुठे ‘फक्त शाकाहारी’. जात आणि धर्म पाटीवर नसतात, फोनवर आडनाव विचारलं की निघतात. हे मला कधीच आवडलं नाही. तरी माझं मत पक्कं होतं: घर ज्याचं, मर्जी त्याची. मनातला आकस कायद्याने जात नाही. पिढ्या बदलतील तसा तो विरेल. वस्त्या आपोआपच वेगळ्या पडतात, असं मी वर्गातही सांगत असे.

रिचर्ड रॉथस्टीन यांच्या ‘द कलर ऑफ लॉ’ (2017) या पुस्तकाने त्या मताला पहिला तडा दिला. त्याची सुरुवात होते फोर्डच्या एका कृष्णवर्णीय कामगारापासून. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडचा कारखाना मिल्पिटासला हलतो, तिथे त्याला कुणी घर देत नाही, आणि नोकरी टिकवायला रोज लांबचा प्रवास करावा लागतो. कुणालाही समजेल अशी गोष्ट. मग लेखक एकेक कागद काढतो. 1934 मध्ये स्थापन झालेलं सरकारी गृहनिर्माण प्रशासन कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कर्जांना हमी नाकारत होतं. लेव्हिटाउनसारख्या, 17 हजारांहून अधिक घरांच्या वसाहतीला सरकारचा आधार मिळाला, तोही घरं फक्त गोऱ्यांना देण्याच्या अटीवर. मी ज्याला लोकांची मर्जी समजत होतो, तिच्यामागे सरकारी पैसा होता.

पण मत खरं बदललं ते बडोद्यापाशी. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले, पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. ही हकिकत मी कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी माझा राग त्या लाठ्यांवर थांबायचा. आता पुन्हा वाचताना त्यांच्या अर्जापाशी अडखळलो. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो एका फायलीतून दुसऱ्या फायलीत फिरत राहिला, आणि उत्तर येण्याआधीच लाठ्या आल्या. ज्या संस्थानाने त्यांना शिकायला अमेरिकेला धाडलं, नोकरी दिली, त्याला त्यांना एक छप्पर देता आलं नाही. तो बंगला वेळेवर मिळाला असता, तर कुणाचं मन बदलण्याची वाट त्यांना पाहावी लागली नसती. एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून इतकी वर्षं सुटली, याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्येच सांगितलं, की घर विकताना वंशाची अट घालणारे करार कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत. भेदभाव थांबला नाही, पण न्यायालयाने आपला हात काढून घेतला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद पारशीच असावा हा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाला एकत्र राहावंसं वाटणं मला समजतं. तरी तीच मुभा बहुसंख्यांच्या सोसायटीच्या हाती गेली की काय होतं, ते हैदराबादेत घर शोधणाऱ्या मुसलमान आणि दलित कुटुंबांना विचारावं.

माझी एक अडचण अजून सुटलेली नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईने आपल्या घरातली खोली कुणाला द्यावी, हे कायद्याने सांगावं असं मला वाटत नाही. पण सरकारदरबारी नोंदलेल्या, बँकेच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या गच्चीबावलीतल्या टॉवरला ‘आमची मर्जी’ म्हणता येऊ नये. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते यांची नावं घेऊन प्रवेश मोकळा केला आहे. भाड्याचं घर त्यात नाही. त्यासाठी स्वतंत्र कायदा हवा, आणि नकार मिळालेल्याला दाद मागता येईल अशी जागा हवी, असं मी आता वर्गात सांगतो.