भाव वाढला म्हणून घर कमावत नाही

रामनगर, ता. जोयडा

चि. सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "तुमच्या जागेला आता सोन्याचा भाव आलाय. शहरासारखी बाजारभावाने घरपट्टी लावली तर बिघडलं कुठे? श्रीमंत झालात, भरा की!" तुला घाई होती, मी गप्प बसले. पण ते बोलणं मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

श्रीमंत कोण झालं रे? गणेशगुडीला राफ्टिंग आलं, काळी नदीच्या काठाने होमस्टे उभे राहिले आणि जागांचे भाव चढले, खरं आहे. पण आपल्या न्हाणीवरची कौलं पूर्वी गळायची तशीच आजही गळतात. माझं पेन्शन भावाबरोबर वाढलं नाही. झाडावरच्या फणसाचा भाव दुप्पट झाला म्हणून तो न काढता कुणाचं पोट भरतं का? घर विकलं तरच तो पैसा. आणि विकलं तर मी राहू कुठे?

तू शहराचा दाखला देतोस. आपल्या कर्नाटकातल्या बहुतेक शहरांत 2021-22 पासून घराचा कर सरकारी मार्गदर्शक दराला बांधलाय. तो दर 1 ऑक्टोबर 2023 ला राज्यभर सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास वाढला. तेवढ्या काळात कुणाच्या घरात तीस टक्के जास्त माणसं राहायला आली, की तीस टक्के जास्त पाणी नळाला आलं? आणि तू पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतोस म्हणून करात 40 टक्के सवलत घेतोस ना? ती मध्ये काढली होती, तेव्हा तूच किती चिडला होतास! 2023 मध्ये ती परत मिळाली, चांगलं झालं. स्वतः राहणाऱ्याचा हिशोब वेगळा, हेच तर मी म्हणते. मग पुण्यात पटतं ते रामनगरात का पटू नये?

धरणात गेलेलं आपलं सुप्याचं घर तुला फारसं आठवत नसेल. धरण 1987 ला पुरं झालं, त्याआधीच आपण इकडे आलो. बाबांनी पुढच्या दाराची चौकट उतरवून ट्रकमध्ये घातली, ती आजही इथे आहे, उंबऱ्याच्या डाव्या बाजूला करवतीची खूण आहे बघ. तेव्हा भरपाई लावणाऱ्यांनी भिंती आणि वासे मोजले. अंगण, विहिरीचं गोडं पाणी, शेजार, यांना किंमत नव्हती. घर ताब्यात घेताना किंमत कमी आणि कर लावताना जास्त, असं मोजमाप मला जन्मात पटणार नाही. त्या धरणाच्या पाण्यावर नागझरीला वीज होते, ती सगळ्या राज्याला मिळते. आम्हाला निदान बसल्या जागी निवांत राहू द्या.

पंचायतीला पैसा नको असं मी म्हणत नाही. नळ, गटार, रस्त्यावरचे दिवे फुकट होत नाहीत, बिल कलेक्टर आला की मी त्याच दिवशी पावती घेते. पण कर घराच्या वापरावर लावा. ज्याने चार खोल्या पाहुण्यांना दिल्या, त्याच्याकडून धंद्याचा दर घ्या. विकणाऱ्याच्या नफ्यावर कर आहेच, घेणारा मुद्रांक शुल्क भरतो. राहणाऱ्याला मात्र वर्षाला ठरावीक, थोडीच वाढ असू द्या, म्हातारपणी पेलेल एवढी.

तुझी लेक राहते त्या कॅलिफोर्नियात 1978 ला लोकांनी मतदान करून हेच केलं. कर एक टक्का, आणि घर विकेपर्यंत कराची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. त्यातही खोट आहे. शेजारशेजारच्या सारख्याच दोन घरांत जुना मालक थोडं भरतो आणि नवा कितीतरी पट. तरुण जोडप्यांवर ते ओझं पडतं, तुझ्या लेकीला विचार. म्हणून मी म्हणते, सवलत राहणाऱ्याला द्या, नुसती जुन्या मालकीला नको. कुलूप लावून भाव चढायची वाट बघणाऱ्याला कशाला?

पलीकडच्या काकीचं बघ. संध्या सुरक्षा पेन्शनच्या पैशांवर दिवस काढते. मुलगा गोव्यात. तिच्याकडे दलाल दोनदा येऊन गेला, "पुढे कर वाढतील, आताच मोकळी हो" म्हणाला. तेव्हापासून ती रात्री झोपत नाही, माझ्याकडे येऊन बसते. कर वाढण्याआधी त्याची भीतीच माणसाला घराबाहेर काढते, सुहास. एकेक घर असं गेलं तर चतुर्थीला आरतीला उभं राहायला वाडीत कोण उरेल?

आणि एक विचारते, रागावू नकोस. भाव काय चाललाय हे तू मला या महिन्यात दोनदा विचारलंस. कशासाठी? मुलीच्या कर्जाचं काही आहे का? काही अडचण असेल तर सरळ सांग, माझ्या ठेवीतले पैसे आहेत. दलालाच्या तोंडून मला कळायला नको.

घराच्या उताऱ्यासाठीच्या ई-स्वत्तू अर्जावर तुझी सही राहिली आहे. पंचायतीचे पीडीओ म्हणतात, दोघांची कागदपत्रं लागतील. आधारची प्रत घेऊन तू स्वतः ये, पोस्टाने पाठवू नकोस. आपण समोरासमोर बोलू.

तुझी,
अक्का