तारीख गेलेली फिल्म

वस्तूची मुदत संपते ही कल्पना आमच्या वऱ्हाडात तशी उशिराच आली. माझ्या लहानपणी लोणच्याच्या बरणीवर तारीख नसायची. उलट तीन वर्षं मुरलेलं लोणचं पाहुण्याला वाढताना घरच्या बाईच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा, की जणू घराण्याची वंशावळच पानात वाढते आहे. चिंच जुनी चांगली, तांदूळ जुने चांगले, औषधाला गूळ जुना चांगला, आणि शेताच्या धुऱ्याचं भांडण तर जितकं जुनं तितकं वकिलाला चांगलं. तेव्हा काकांच्या ट्रंकेत कट फिल्मची पेटी निघाली आणि तिच्यावर मार्च १९८४ ही शेवटची तारीख दिसली, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाळीस वर्षं झाली, म्हणजे चांगली मुरली असेल, एवढंच मनात आलं.

काकांचा अमरावतीत स्टुडिओ होता. काका गेले, स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं, आणि सागवानी फील्ड कॅमेरा तेवढा माझ्या वाट्याला आला. बाकीच्या चुलतभावांनी शेत घेतलं. कोण शहाणा ते वाचकांनी ठरवावं.

हा कॅमेरा म्हणजे पुढं भिंग, मागं दुधी काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता. डोक्यावर काळं फडकं घेऊन आत शिरलं की दुधी काचेवर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. त्याला शटर नाही. भिंगाचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि टोपण लावायचं. फिल्मही रोलची नव्हे. पत्त्याच्या कॅटातल्यासारखे सुटे पत्रे, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचे. घुप्प अंधारात चाचपून ते एकेक करून डार्क स्लाईडमध्ये भरायचे. कोणती बाजू रसायनाची ते बोटांना कळावं म्हणून पत्र्याच्या एका कोपऱ्यात खाच असते. पत्रा उभा धरला आणि खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, की रसायनाची बाजू आपल्याकडे. एवढं एक वाक्य लक्षात ठेवायचं. मी ते पाठ केलं होतं. पुढं काय झालं ते येईलच.

पेटीत पाच पत्रे उरले होते. जुनी फिल्म थंडीत ठेवावी म्हणून मी ती फ्रीजमध्ये ठेवायला गेलो, तर आमची ही म्हणाली, "माह्या फ्रीजमंदी मेलेल्या मानसाचं सामान नाही ठेवायचं." शेवटी कोथिंबिरीच्या डब्यामागं जागा मिळाली. दिवाळीत एका पाहुण्यानं पाणी घ्यायला फ्रीज उघडला आणि सोनपापडीचा डबा समजून ती पेटी उघडली. आतल्या काळ्या कागदातही त्यानं हात घातला. मी ओरडलो तेव्हा त्याला वाटलं, मी सोनपापडी वाचवतो आहे. वरचे दोन पत्रे गेले. राहिले तीन.

आणि नेमकं तेव्हाच अकोल्याहून आत्याबाईचं बोलावणं आलं.

आत्याबाई काकांची धाकटी बहीण. जठारपेठेत राहते. वय शहाऐंशी, दात चार, आवाज पूर्वीचाच. नातवंडांनी मोबाईलवर तिचे शेकड्यांनी फोटो काढले आहेत. तिला ते मान्य नाहीत. "मोबाईलमंदले फोटो मोबाईलमंदीच मरतात," ती म्हणाली. "मले भिंतीवरचा पायजे. दादाच्या डब्ब्यानं काढ. अन् माह्यं गोंदण दिसलं पायजे."

तिच्या उजव्या हातावर मनगटापासून वर गोंदण आहे. एक तुळशीवृंदावन आणि खाली काकांचं नाव. लहानपणी जत्रेत गोंदलेलं. गोंदणाऱ्या बाईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं नावातली एक वेलांटी राहून गेली. काका जन्मभर बहिणीच्या हातावर वेलांटीवाचून वावरले.

तीन पत्रे जपून वापरायचे, म्हणून मी आधी सरावाचा बेत केला. हल्ली एक्स-रे संगणकावर निघतात, त्यामुळं जुन्या एक्स-रे फिल्मच्या पेट्या पडून असतात. ओळखीच्या एका कंपाउंडरानं मला तशी एक पेटी दिली, तारीख गेलेलीच. छातीच्या एक्स-रेची, १४ बाय १७ इंची. एका पत्र्यातून हाफ प्लेटचे सहा तुकडे निघतात. एकेकाळी ही फिल्म आपल्याकडंच बनायची. १९६० साली उदकमंडलमला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता आणि त्याचा 'इंदू' छाप देशभर चालायचा. आता तो कारखानाही बंद पडला आहे. कारखाना थंड हवेच्या ठिकाणी काढला, हे शहाणपणाचंच झालं. फिल्मचा जन्म तरी गारव्यात व्हावा. पुढं कोण अकोल्याला पडेल, ते ज्याच्या त्याच्या नशिबात.

एक्स-रे फिल्मचा एक गुण असा, की तिला लाल रंग दिसत नाही. त्यामुळं लाल दिव्यात ती बिनधास्त हाताळता येते. देवघरातला झिरोचा लाल बल्ब मी मोरीत लावला आणि काम भागलं. देव आठवडाभर अंधारात होते. अवगुण असा, की तिच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असतो, त्यामुळं ट्रेमध्ये नुसती सरकली तरी ओरखडा उठतो. आणि लाल न दिसणं हा गुण फोटो काढताना अवगुण होतो. सरावाला मी वरूडच्या संत्र्यांचा फोटो काढला. ताटात जांभळं ठेवल्यासारखा आला.

तरीही मी अकोल्याला निघालो. कॅमेऱ्याची पेटी पाहून एसटीचा कंडक्टर म्हणाला, "भजनीमंडळ हाय काय?" मी हो म्हटलं. फील्ड कॅमेरा समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत बस निघाली. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. मला एका म्हातारीचा एक फोटो काढायला दहा महिने लागले. विक्रम तोही असावा, पण नोंदवायला कुणी आलं नाही.

पहिल्या फेरीत एक्स-रे फिल्म वापरली. आत्याबाईनं आधी काळ्या फडक्यात डोकं घालून पाहिलं. समोर खुर्चीत तिची नात बसली होती. "अवं माय! पोट्टीले उलटी कायले टांगली?" असं म्हणून ती बाहेर आली. मग स्वतः बसली, पदर सावरला, हात मांडीवर पालथा ठेवला.

फोटो घेऊन पुन्हा गेलो तेव्हा तिनं तो बराच वेळ पाहिला. पानानं रंगलेले ओठ डांबरासारखे काळे, चेहरा रापलेला, एकेक सुरकुती नांगरल्यासारखी. यावर ती काही बोलली नाही. मग तिनं फोटोतल्या हातावर बोट ठेवलं.

"माह्यं गोंदण कुठी गेलं?"

गोंदण नव्हतं. हात कोरा होता. तुळस नाही, काका नाहीत. कारण साधं होतं. त्या फिल्मला निळसर हिरवा रंग उजळ दिसतो आणि कातडीचा तांबूस रंग गडद दिसतो. दोन्ही एकाच राखाडी रंगावर येऊन मिळाले आणि गोंदण पुसलं गेलं. हे मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"सोनं-नाणं सारं अठीच रायते बावा," ती म्हणाली. "गोंदण तेवढं सोबत येते. तुह्या डब्ब्यानं जित्तेपनीच काढून घेतलं."

यावर फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

म्हणजे आता काकांच्या पेटीला हात घालणं भाग होतं. ती फिल्म पॅनक्रोमॅटिक, सगळे रंग पाहणारी. भिंगापुढं नारिंगी काच धरली की कातडी उजळते आणि निळसर गोंदण ठळक होतं. प्रश्न प्रकाशाचा. तारीख गेलेल्या फिल्मची नजर मंद होत जाते. जाणकारांचा ठोकताळा असा, की दर दहा वर्षांमागं एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा. चाळीस वर्षांचे झाले सोळा पट. नारिंगी काचेचे आणखी चार पट. सोळा चोक चौसष्ट. शिवाय उजेड कमी आणि वेळ जास्त झाला, की फिल्म आणखी आळस करते. त्याचे वेगळे. सगळा हिशेब मांडल्यावर आठ सेकंद निघाले. एवढा वेळ तर आमच्या घरात कुणी गप्प बसत नाही.

पहिला पत्रा मे महिन्यात वापरला. फोटो लगेच पाहायचा असा आत्याबाईचा हट्ट, म्हणून तिच्याच मोरीत फिल्म धुवायला घेतली. डेव्हलपर वीस अंशांवर असावा, असं सगळी पुस्तकं सांगतात. ती लिहिणारे मे महिन्यात अकोल्याला आलेले नसावेत. बाहेर पारा ४५ च्या वर आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा टाकावा असं. डेव्हलपर मी बर्फात ठेवून गार केला. हायपोपर्यंत सगळं नीट झालं. मी आनंदानं नळ सोडला. दुधावरची साय सरकावी तसा सगळा थर सरकला आणि आत्याबाई मोरीच्या जाळीतून मोर्णा नदीच्या दिशेनं निघून गेली. आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून थर घट्ट करायचा असतो, हे मला नंतर आठवलं.

दुसरा पत्रा पावसाळ्यात. या वेळी फिल्म अमरावतीला आणून धुतली. फोटो आला, पण भुतासारखा पुसट, आणि डावं-उजवं बदललेलं. खाचेचं ते वाक्य मला तोंडपाठ होतं. बोटांना मात्र नव्हतं. पत्रा उलटा भरला गेला होता. "आरशात बसून काढला काय?" आत्याबाईनं विचारलं.

तिसरा पत्रा राखून ठेवला तो थंडीसाठी. डिसेंबरात गेलो तेव्हा आत्याबाई बारीक झाली होती. मधल्या काळात दवाखाना होऊन गेला होता. खुर्चीत बसवताना मी हात धरला, तर कातडी सैल होऊन नाव आणखी लहान झालेलं. कुणी काही बोललं नाही. एकच पत्रा आहे, हे तिलाही माहीत होतं. मी फडक्यात शिरलो, तिला उलटी पाहिली, बाहेर आलो, स्लाईड लावली.

"आठ मोजीपर्यंत हालायचं नाही," मी म्हटलं. "डोळे मिटले तरी चालतील, एवढ्या वेळात दिसत नाहीत."

"दादा बी हेच म्हने," ती म्हणाली आणि गप्प झाली.

मी टोपण काढलं. आठ सेकंद किती मोठे असतात ते त्या दिवशी कळलं. अंगणातला नातू, दारातली सून, स्वयंपाकघरातला कुकर, सगळे थांबल्यासारखे झाले. मोबाईलवर तिचे शेकड्यांनी फोटो निघाले, पण तिच्याकडं सलग आठ सेकंद आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मीही नाही.

फोटो आला. सगळ्यावर बारीक धुकं आहे, कडा डागाळलेल्या आहेत, एका बाजूला चाळीस वर्षांची काजळी चढली आहे. पण मध्ये आत्याबाई आहे, तिचा हात आहे, तुळस आहे आणि खाली वेलांटीवाचून काका आहेत. स्पष्ट.

आणि खालच्या कोपऱ्यात एक अंगठ्याचा ठसा आहे. फिल्मवर कधीकाळी पडलेलं घामेजलं बोट असं वर येतं. आत्याबाईनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हा दादाचा," ती म्हणाली. "अंधारात फिलम मोजे तो. अंगठ्यानं."

आता फोटो तिच्या भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आधी गोंदण दाखवते आणि मग ठसा. ठसा काकांचा असेलही. माझाही असू शकतो. आणि सोनपापडी शोधणाऱ्या त्या पाहुण्याचा असण्याची शक्यता तर बरीच आहे. पण त्याला मी अकोल्याचा पत्ता दिलेला नाही.