एका त्रिकाच्या दोन संहिता

योहानेस ब्राम्सच्या ओपस ८ या एकाच क्रमांकाखाली दोन संहिता नांदतात. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठीचे बी मेजरमधील त्रिक त्याने जानेवारी १८५४ मध्ये पुरे केले, तेव्हा तो २० वर्षांचा होता. १८८९ च्या उन्हाळ्यात, ५६ व्या वर्षी, छापून झालेली ती रचना त्याने पुन्हा हाती घेतली. नवी आवृत्ती १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपण तिला टोप चढवलेला नाही, केस तेवढे विंचरले आहेत, अशा आशयाचे त्याने एका मित्राला कळवले होते.

दोन्ही संहिता लागोपाठ ऐकल्या की या विधानातला मिस्कीलपणा ध्यानात येतो. आरंभीची विस्तीर्ण सुरावट कायम आहे. स्केर्त्सोही समारोप वगळता जवळजवळ अबाधित आहे. परंतु उरलेल्या तिन्ही भागांतील दुय्यम विषय नवे आहेत. पहिल्या भागातील फ्यूगच्या धर्तीचा खंड गळाला असून सुमारे ५०० बारांचा हा भाग ३०० हूनही कमी बारांत सामावला आहे. बेथोव्हेन आणि शूबर्ट यांच्या गीतांचे जे पडसाद अभ्यासकांना पहिल्या संहितेत ऐकू येतात, तेही वगळलेल्या भागांबरोबरच गेले.

पाठचिकित्सा शिकवताना आपण कर्त्याच्या अंतिम इच्छेला प्रमाण मानतो. येथे ते प्रमाणच हाती लागत नाही. जुनी संहिता वाईट आहे, पण नवी चांगली आहे असाही आपला दावा नाही. जुन्या छापाचे ठसे वितळवा किंवा तो पुन्हा छापा, आपल्याला दोन्ही सारखेच, असे ब्राम्सने प्रकाशक झिमरॉकला लिहिले. १८७३ मध्ये ओपस ५१ ची दोन चतुष्के प्रकाशित करण्यापूर्वी सुमारे २० चतुष्के त्याने नष्ट केली, असे सांगितले जाते. स्वतःच्या लेखनाबाबत इतका निष्ठुर असलेला माणूस येथे निर्णयाचा अधिकार असूनही तो वापरत नाही.

माझ्या जुन्या प्रबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीचा विचार सध्या चालू आहे, म्हणून हा प्रश्न मला केवळ सैद्धान्तिक वाटत नाही. दुसरी संहिता घाटाच्या दृष्टीने निःसंशय सरस आहे. तरीही पहिलीतील अतिरेक हा निव्वळ दोष नव्हे. ज्यांच्याविषयी अपार आदर आहे, त्यांचे सूर आपल्या रचनेत उघडपणे वागवणे हा त्या तरुणाच्या अनुभवाचाच एक भाग होता. प्रौढ ब्राम्सने रचना नेटकी केली. त्याबरोबर हे ऋण मात्र दृष्टिआड झाले. म्हणून प्रबंधातील चुका मी दुरुस्त करीन, पण त्यातला भारावलेपणा पुसण्याचा अधिकार मला आहे, असे वाटत नाही.

एक गोष्ट दोन्ही संहितांत समान आहे. बी मेजरमध्ये सुरू होणारे हे त्रिक बी मायनरमध्ये संपते. सुखान्ताची संधी ३५ वर्षांनंतर पुन्हा मिळूनही ब्राम्सने ती घेतली नाही. तरुणपणीच्या त्या खिन्न निष्कर्षात प्रौढाला काही बदलावेसे वाटले नाही. दोन्ही संहितांचा कर्ता एकच असल्याची खूण मला तेथे सापडते.