भात्याची लांबी आणि चेहऱ्याचे अंतर

व्यक्तिचित्रात चेहऱ्याची ठेवण ठरते ती अंतरावर. समोरचा माणूस भिंगापासून किती लांब बसला आहे, हे आधी. भिंग कोणते लावायचे, हे मागाहून. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खोली असते. नाक भिंगापासून ८४ सेंटिमीटरवर असेल, तर कानाच्या मानाने ते सुमारे १४ टक्के मोठे उमटते. १४४ सेंटिमीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. पहिल्या अंतरावरून नाक पुढे येते, गाल मागे सरतात, कान आक्रसतात. दुसऱ्यावरून माणूस समोर बसून बोलणाऱ्याला जसा दिसतो तसा दिसतो. जगातले कुठलेही भिंग हा फरक पुसू शकत नाही. तेवढ्या अंतरावरून चेहरा फिल्मवर किती मोठा उमटवायचा, इतकेच भिंगाच्या हातात असते.

लार्ज फॉरमॅटमध्ये ही मागणी अवघड होते, कारण फिल्मच मोठी असते. ४ बाय ५ इंचांच्या फिल्मवर चेहरा भरून हवा असेल, तर त्याची उंची ८ सेंटिमीटर तरी लागते. हनुवटीपासून केसांपर्यंत डोके साधारण २४ सेंटिमीटर असते. म्हणजे प्रतिमा मूळच्या एक तृतीयांश झाली. दूरचा डोंगर टिपताना भिंग आणि फिल्म यांच्यात फोकल लेंग्थइतकेच अंतर पुरते. एक तृतीयांश आकारासाठी मात्र त्यात आणखी एक तृतीयांशाची भर पडते. २१० मिलिमीटरचे भिंग असेल तर भाता, म्हणजे भिंग आणि फिल्म यांना जोडणारी घड्यांची नळी, २८ सेंटिमीटर ताणावा लागतो आणि माणूस येतो ८४ सेंटिमीटरवर, म्हणजे नको इतका जवळ. ३६० मिलिमीटरचे भिंग घेतले की माणूस १४४ सेंटिमीटरवर जातो, पण भाता ४८ सेंटिमीटर लागतो. घडी घालून पिशवीत मावणाऱ्या कितीतरी फील्ड कॅमेऱ्यांचा भाता तीस सेंटिमीटरच्या आसपास संपतो. टेलिकन्व्हर्टरची, म्हणजे भिंगामागे बसून प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगाची, आठवण होते ती या अडचणीत.

त्याआधी भात्याचा स्वतःचा हिशेब पाहिला पाहिजे. दिव्यासमोरचा कागद मागे नेला की उजेड जास्त जागेवर पसरतो आणि पातळ होतो. भाता ताणल्यावर फिल्मवर हेच घडते. ताणलेल्या लांबीला फोकल लेंग्थने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग केला की एक्स्पोजर किती पट वाढवायचे ते कळते. ४८ भागिले ३६ म्हणजे १.३३, त्याचा वर्ग सुमारे १.७८, म्हणजे जवळजवळ दुप्पट प्रकाश, पूर्ण एक स्टॉप. भिंगावर एफ/८ लिहिलेले असले तरी फिल्मपुरते ते एफ/११ झालेले असते. चेहरा खऱ्या आकाराचा हवा असेल तर भाता फोकल लेंग्थच्या दुप्पट आणि प्रकाश चौपट, म्हणजे दोन स्टॉप. इंचांत मोजणाऱ्यांसाठी एक सुरेख युक्ती आहे. फोकल लेंग्थ आणि भात्याची लांबी हे दोन्ही आकडे अ‍ॅपर्चरच्या मालिकेतले आहेत असे समजायचे. आठ इंचांचे भिंग अकरा इंचांपर्यंत ताणले की आठावरून अकरावर आलो, एक स्टॉप गेला. सोळा इंचांपर्यंत नेले की दोन. गळ्यात इंची टेप असली की गणित तिथल्या तिथे सुटते.

प्रकाशाइतकीच खोलीही आटते. एक तृतीयांश आकाराला एफ/८ वर जेमतेम २ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/२२ वर ५ सेंटिमीटर. पापणीचे केस कोरल्यासारखे येतात आणि कानाच्या पाळीवर धुके असते. चेहरा पाऊण वळलेला असेल तर भिंगाची पाटी थोडी आडवी फिरवून दोन्ही डोळे एकाच स्पष्ट पातळीत आणता येतात. ही सोय लार्ज फॉरमॅटची खास मिरास आहे. मात्र बसलेला माणूस श्वास घेतो, आणि श्वासासरशी डोके पुढेमागे होते. फिल्म होल्डर सरकवला की फोकस पाहण्याच्या काचेवर, ग्राउंड ग्लासवर, काहीच दिसत नाही. तेव्हापासून शटर पडेपर्यंत त्या दोन सेंटिमीटरांची राखण समोरच्या माणसावरच असते. छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांची चित्रे ८ बाय १० इंचांच्या डिअरडॉर्फ कॅमेऱ्यावर काढली, तेव्हा ते कॅमेऱ्यामागे न राहता शेजारी उभे राहत. माणसाकडे थेट पाहत राहणे हाच त्याला जागेवर ठेवण्याचा खात्रीचा उपाय होता.

लांबी आणि प्रकाशाची ही अडचण जुनीच आहे. कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६५-६६ च्या सुमारास १२ बाय १५ इंचांच्या काचांचा मोठा कॅमेरा घेतला. त्याचे भिंग ३० इंचांचे, म्हणजे ७६ सेंटिमीटरचे होते. अर्ध्या आकाराच्या डोक्यासाठीसुद्धा अशा भिंगामागे ११४ सेंटिमीटर लांबी लागते आणि प्रकाश सव्वादोन पट. १८६७ मध्ये त्यांनी काढलेले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चित्र पाहावे: विस्कटलेले पांढरे केस, ओलसर डोळे, आणि भोवती मिनिटामिनिटांच्या एक्स्पोजरमधून आलेला मऊपणा. लांब पेटीने आणि मंद प्रकाशाने घेतलेली किंमत इथे चित्राचाच भाग झाली आहे.

पेटी लांब न करता प्रतिमा मोठी करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. बहिर्वक्र भिंगामागे अंतर्वक्र भिंग ठेवले तर प्रतिमा मोठी होते, हे केप्लरने १६११ मध्येच मांडले होते. छायाचित्रणात ती १८९१ च्या सुमारास रुजली. लंडनचे थॉमस रूडॉल्फस डॉलमायर आणि जर्मनीतले मीटे व स्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंगे तयार केली. डॉलमायर यांचे जोडभिंग आजच्या टेलिकन्व्हर्टरचे आजोबाच म्हणावे लागेल. नेहमीच्या पोर्ट्रेट भिंगामागे ते नळीत बसे, आणि प्रतिमा किती पट वाढणार हे भात्यावर ठरे. अंतर्वक्र भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर त्या भिंगाच्या फोकल लेंग्थने भागायचे आणि एक मिळवायचा. तीन इंचांचे अंतर्वक्र भिंग आणि सहा इंचांचा भाता म्हणजे तिप्पट वाढ. सहा इंचांचे भिंग अठराचे काम करू लागे, आणि एफ/४ चा एफ/१२ होई. भाता आणि कन्व्हर्टर इथे एकमेकांना पर्याय नव्हते, एकाच गुणाकाराचे दोन भाग होते. चित्रकार बर्गहाइम यांच्यासाठी डॉलमायर यांनी याच तत्त्वावर खास व्यक्तिचित्रांचे भिंग घडवले. त्यातली दोन्ही भिंगे एकेरी, रंगदोष न घालवलेली होती, आणि तो मऊ झगमगाट मुद्दाम राखलेला होता.

टेलिफोटो रचना भात्याची बचत करते हे खरे, पण किती, याबद्दल सर्रास गैरसमज असतो. निकॉर टी या ३६० मिलिमीटरच्या टेलिफोटो भिंगाला दूरच्या दृश्यासाठी सुमारे २६ सेंटिमीटर भाता पुरतो. साध्या भिंगाला ३६ लागला असता. चेहऱ्यासाठी जवळ आल्यावर मात्र दोघांनाही सारखीच, १२ सेंटिमीटरची भर घालावी लागते. एकाला ४८, दुसऱ्याला ३८. बचत फक्त पायाची होते. जवळ येण्याचा खर्च टळत नाही. तीस सेंटिमीटरच्या भात्यावर हे ३८ सुद्धा बसत नाहीत, आणि एक तृतीयांशाचा चेहरा हुकतोच.

एक्स्पोजरचा सापळाही इथेच आहे. टेलिफोटो भिंगात मागून दिसणारे अ‍ॅपर्चरचे वर्तुळ पुढून दिसणाऱ्यापेक्षा लहान असते, त्यामुळे भात्याची लांबी मोजून काढलेला हिशेब तोकडा पडतो. हे गुणोत्तर ०.६ असेल तर एक तृतीयांश आकाराला १.७८ पट नव्हे, सुमारे २.४ पट प्रकाश लागतो. शिवाय अशा भिंगाची पाटी फिरवली की प्रतिमाच काचेवरून सरकते आणि चौकट पुन्हा लावावी लागते.

छोट्या कॅमेऱ्याचा २ एक्स टेलिकन्व्हर्टर मोठ्या भिंगामागे बसवण्याचा मोह मात्र आवरावा. दोन स्टॉप प्रकाश जातो, हे सोसता येते. पण त्याची काच अरुंद असल्याने कोपरे काळे पडतात, आणि मूळ भिंगाचे दोषही दुपटीने मोठे होतात. त्यापेक्षा जुने कन्व्हर्टिबल सिमार चांगले. २१० मिलिमीटर एफ/५.६ च्या या भिंगाचा पुढचा भाग काढला की ३७० मिलिमीटर एफ/१२ उरते. कडा किंचित विरघळतात, त्वचेला ते मानवते. मात्र इथे कसलीही बचत नाही. चेहऱ्यासाठी भाता पन्नास सेंटिमीटरच्या आसपास न्यावा लागतो.

म्हणून व्यक्तिचित्रे हेच काम असेल तर लांब भात्याचा कॅमेरा आणि साधे लांब भिंग ही जोडी पहिली निवडावी. टेलिफोटो प्रवासातल्या छोट्या कॅमेऱ्यासाठी, आणि तेही खांद्यापर्यंतच्या, थोड्या लहान आकाराच्या चित्रांपुरते. लांब भाता मधोमध झोळ धरतो आणि प्रतिमेची कड खातो, तेव्हा त्याला मधे आधार द्यावा. पुढचे टोक हलत असेल तर तिथे दुसरा ट्रायपॉड लावावा. भात्याच्या भिंतींवरून परतणारा उजेड सावल्या फिक्या करतो, यासाठी भिंगाला खोल हूड हवे. आणि अधूनमधून अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण ताणून आत टॉर्च पेटवावा. छिद्रे बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांत सापडतात. तिथे लवचीक काळ्या रंगाचा पातळ हात दिला, की पुढच्या सत्रापर्यंत कॅमेरा तयार असतो.