रांगेचा वेग

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. त्यातही हिशेब सरळ नाही. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. वीसवरून चोवीसवर जाणं सोपं वाटतं. सव्वीसवरून तीसवर जाताना मांड्या बोलायला लागतात. मात्र दुसऱ्या सायकलच्या मागे हातभर अंतर ठेवून चालवलं, तर हा भार पाव ते तिसऱ्या हिश्शाने उतरतो. क्लबच्या लांब पल्ल्याच्या राईडचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. जर्सी, फोटो आणि ॲपवरचे आकडे नंतर.

हे गणित कळायला पाच मिनिटं पुरतात. अंगात मुरायला दोन-तीन हिवाळे जातात.

पुण्यातल्या सायकलस्वारांची परीक्षा पाहणारा एक ठरलेला रस्ता आहे: महाबळेश्वर, जाऊन-येऊन, एका दिवसात. अंतर सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर. वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे तीन घाट, मध्ये ट्रकांनी भरलेला महामार्ग, आणि परतताना दुपारचं ऊन. निघायचं पहाटे चार-साडेचारला. अंधारात जमलेल्या बारा-पंधरा जणांमध्ये कोण नवखा आहे हे त्याच्या मागच्या दिव्यावरून कळतं. त्याचा लाल दिवा लुकलुकत असतो. एकट्याने जाताना ते योग्यच, पण रांगेत त्या लुकलुकाटाने मागच्याचे डोळे दिपतात. कॅप्टन जवळ येऊन दिवा स्थिर करायला सांगतो. राईडचा पहिला धडा हा असा, पायडल मारण्याआधीच मिळतो.

कात्रजच्या जुन्या घाटात दोन-तीन पोरं हमखास सुसाट सुटतात. पाय ताजे असतात, हवा गार असते. कॅप्टन त्यांना हाक मारत नाही. कात्रजचा घाट त्यांना दुपारी परतताना आपोआप दाखवला जाणार असतो. कॅप्टन मात्र मागे, सगळ्यात हळू चढणाऱ्याच्या बरोबर राहतो आणि त्याचा श्वास ऐकतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय की दोन शब्दांतच दम तुटतोय? दिवसभराचा वेग त्या श्वासावरून ठरणार असतो. तगड्या माणसाला जोरात चालवता येतं यात कौतुक कसलं? दहा तास आपल्यापेक्षा हळू माणसाच्या वेगाने, न कंटाळता चालवणं हे खरं अवघड काम, आणि ते फार थोड्यांना जमतं.

बोगदा ओलांडून शिंदेवाडीला उतरलं की महामार्ग लागतो आणि खरी रांग तिथे बनते. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत अर्धा-पाऊण मीटर अंतर. ताशी तीसच्या वेगाला सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे सरकते, म्हणजे डोळ्यांनी बघून ब्रेक दाबायला वेळ उरतच नाही. म्हणून रांगेत ब्रेक शक्यतो दाबायचाच नाही. पायडलवरचा जोर क्षणभर सोडायचा, थोडं ताठ बसून छातीवर वारं घ्यायचं, अंतर आपसूक वाढतं. नजर पुढच्याच्या चाकावर रोखली की माणूस दचकत चालवतो. ती त्याच्या खांद्यांवरून आणखी पुढे हवी. चाकाला चाक घासलं तर पुढच्याला बहुतेकदा पत्ताही लागत नाही. मागचा पडतो, कारण तोल सांभाळणारं पुढचं चाक त्याचं अडकलेलं असतं.

आणखी एक बारकावा पुस्तक वाचून लक्षात येत नाही. सीटवरून उठून पायडल मारायला माणूस उभा राहिला की त्याची सायकल क्षणभर वीतभर मागे येते. सायकल थांबत नाही, पण मागच्याच्या दृष्टीने ती अंगावर येते. अनुभवी माणूस उठण्याआधी एक पायडल जोरात दाबतो आणि मगच उठतो. ज्याला हे जमतं त्याच्या मागे लोक निर्धास्त बसतात. नाक शिंकरायचं असेल तर रांगेच्या शेवटी जावं, हेही कोणी तरी सांगावं लागतं.

रांगेत बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. ‘खड्डा’, ‘काच’, ‘रंबलर’, ‘गाडी मागे’. पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं, ते एकेकाने मागे पोचवायचं. पंधराव्या माणसाला रस्ता दिसत नसतो. त्याला दिसतात फक्त पुढच्या पाठी. महामार्गाच्या कडेला खड्ड्यांपेक्षा वाईट शत्रू असतात त्या फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक पोलादी तारा. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते. घाईघाईने ट्यूब बदलणारा ती तशीच आत ठेवतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा थांबतो. टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधेपर्यंत नवी ट्यूब घालू नये. तोवर बाकीचे दिवाबत्ती सांभाळत रस्त्यापासून दूर उभे राहतात.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्याशी रांगेचा स्वभाव उघडा पडतो. पुढचा वेग कमी करतो आणि नाका ओलांडताच पुन्हा धरतो. त्याला ते तीन-चार पायडलांचं काम. पण रांग पेटीच्या भात्यासारखी आवळते आणि ताणते, आणि शेवटचा माणूस अजून नाक्यात अडकलेला असतानाच पहिला तीसवर पोचलेला असतो. शेवटच्याला रांग गाठायला अक्षरशः धावावं लागतं. असं दिवसभरात वीसदा झालं की तो संपतो, आणि पुढच्यांना वाटतं की त्याचा सराव कमी पडला. जाणता माणूस अडथळा ओलांडल्यावर हळूहळू वेग धरतो, ‘सगळे आले’ असा आवाज मागून येईपर्यंत.

पुढे राहण्याची पाळीही अशीच. एक-दोन मिनिटं वारं अंगावर घ्यायचं, मागे बघून बाजूला सरकायचं, रांग पुढे जाऊ द्यायची आणि शेपटाला चिकटायचं. नवखा पुढे आला की त्याला चेव चढतो. इतका वेळ आडोशाला बसून पाय मोकळे झालेले असतात, त्यात सगळ्यांच्या नजरा पाठीवर. तो वेग तीन-चार किलोमीटरने वाढवतो. मागून आवाज येतो, ‘अरे, खेचू नकोस! आकडा होता तोच ठेव.’ पुढे आल्यावर जोर आपोआप जास्त लागतो, वेग तोच राहिला पाहिजे. अनेक क्लबांत हे सर्वांत नेटकं करणारी व्यक्ती पन्नाशीतली एखादी बाई असते. ती कधीच पहिली येत नाही, पण तिच्या मागे बसायला चढाओढ असते.

संशोधकांनी या आडोशाची मोजमापंही केली आहेत. बर्ट ब्लॉकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागातल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. टूर द फ्रान्समध्ये ठीक आहे. शिरवळच्या रस्त्यावर, मागून दोन-दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येत असताना, असा घोळका कोण करू देणार? इथे एकापाठोपाठ एक, फार तर दोघं-दोघं.

सगळ्यांनी एकत्र, कॅप्टनच्या वेगाने जायचं ही पद्धत जुनी आहे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ‘ऑडॅक्स’ राईड होतात. त्यात ठरावीक वेग, आजच्या नियमाने ताशी साडेबावीस किलोमीटर, आणि कॅप्टनच्या पुढे कोणी जायचं नाही. १९२१ पासून ऑडॅक्स क्लब पॅरिझियांने दुसरी वाट धरली: वेग ज्याचा त्याचा, फक्त ठरलेल्या वेळेत पोचा. भारतात लोकप्रिय झालेल्या ब्रेव्हे याच वाटेच्या. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. तिथे मागे राहिलेल्यासाठी थांबलंच पाहिजे असा नियम नाही. क्लबची महाबळेश्वर राईड या दोहोंच्या मधली. नियम ब्रेव्हेसारखे सैल, पण संकोच ऑडॅक्सचा. माणूस सोडून कसं जायचं?

एकट्या-दुकट्याच्या पराक्रमाला कमी लेखायचं कारण नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. महाराष्ट्रातल्या किती तरी जणांनी त्या बातम्या वाचून माळ्यावरची सायकल खाली काढली. पण त्या शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाने जायला मनाई आहे. रांगेची कला तिथे शिकायला मिळत नाही.

सुरूरला महामार्ग सोडण्याआधी खंबाटकी, आणि वाई ओलांडल्यावर पसरणी. इथे रांग विरघळते. चढावर वेग दहा-बारावर येतो, वाऱ्याचा आडोसा निरुपयोगी ठरतो आणि उरतं ते वजन. वाई ते पाचगणी दहा-बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढायचं. माणूस, सायकल आणि बाटल्या मिळून पंच्याऐंशी किलो तेवढं उंच उचलायला लागणारी ऊर्जा कोणतंही तंत्र कमी करू शकत नाही. घाटात प्रत्येकाने आपला श्वास धरावा आणि वर थांबावं, हाच शहाणपणा. सायकलींवर लाख-लाख रुपये मोजून दोनशे ग्रॅम कमी करणाऱ्यांनी पसरणीच्या पायथ्याशी मिसळ आवरावी. फरक जास्त पडेल.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, भूक लागल्यावर खायचं हा घरचा नियम रस्त्यावर चालत नाही. शरीरात साठवलेली साखर जोरकस मेहनतीला दीड-दोन तास पुरते. ती संपली की मेंदू रुसतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि त्यानंतर खाल्लेलं अंगी लागायला वेळ जातो. म्हणून पहिल्या तासापासून खात राहायचं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. लिंबू-मीठ-साखर बाटलीत असावीच. गप्पा मारणारा माणूस अचानक गप्प झाला की जाणते लोक न विचारता त्याच्या हातात लाडू ठेवतात.

परतीच्या उताराला रांग मुद्दाम तोडतात. पर्यटकांच्या गाड्या वळणावर मध्ये येतात. तिथे वीस-तीस मीटर अंतर हवं. आणि महामार्गावर आल्यावर हिवाळ्यातलं वारं बहुतेकदा पूर्वेचं, म्हणजे पुण्याकडे येताना उजव्या अंगाचं. तेव्हा आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, तिरका डावीकडे सरकतो. पण डावीकडे रस्ता संपतो. तीन-चार जणांपुरती जागा असते, पाचवा खडीत. म्हणून कॅप्टन चार-चारच्या तुकड्या करतो आणि प्रत्येकीत एक घोडा आणि एक दमलेला माणूस देतो. दिवसातला त्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सकाळी कात्रजला सुटलेली पोरं एव्हाना कोणाच्या तरी आडोशाला असतात, आणि कोणी त्यांना टोमणा मारत नाही. निदान चहापर्यंत.

खंबाटकीचा बोगदा दिवे लावून, एका ओळीत, तोंडावर रुमाल बांधून पार करायचा. त्यानंतर साठेक किलोमीटर, आणि गाड्यांची गर्दी वाढत जाणारी. या टप्प्यावर पाय, नजर आणि मान सगळंच थकलेलं असतं, आणि याच वेळी मागून कोणी तरी चाळीस फुटांवर येऊन जोरात हॉर्न वाजवतो. त्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण दमलेला माणूस दचकला की त्याचं हँडल दोन इंच हलतं, आणि अर्ध्या मीटरवरच्या माणसाला दोन इंच पुरतात. गाडी चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: रस्त्याच्या कडेला सायकलींची रांग दिसली तर हॉर्न द्यायचाच असेल तर तो लांबूनच, एकदा द्या. जवळ आल्यावर देऊ नका. ओलांडताना दीड मीटर जागा सोडा, आणि रांग पूर्ण संपेपर्यंत गाडी डावीकडे घेऊ नका. पहिले तीन सायकलस्वार दिसतात, मागचे बारा आरशात उशिरा येतात.