पंपाचा दांडा

आरोग्यशास्त्राच्या तासाला एक गोष्ट मी पुष्कळ वर्षें मोठ्या आवडीनें सांगत आलों. इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडन शहराच्या सोहो भागांत पटकी उद्भवली. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसें दगावलीं. दूषित हवेनें हा रोग होतो, अशी त्या वेळीं बहुतेक वैद्यांची समजूत होती, परंतु डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांची घरोघर चौकशी करून त्या रस्त्यावरील पंपाच्या पाण्याला दोषी ठरविलें. जवळच्याच निराश्रितगृहांत ५३५ माणसें असतां ५ च मेलीं. कारण तेथें स्वतंत्र विहीर होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि सांथ थांबली! येथें वर्ग टाळ्या वाजवी.

एके वर्षीं मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, दांडा काढण्यापूर्वींच मृत्यु कमी झाले होते ना?" मीं त्याला दरडावून खालीं बसविलें. रात्रीं मात्र झोंप येईना. उठून ग्रंथ काढले, तों मुलगा खरा ठरला. लोक घरें सोडून पळाल्यानें मृत्यु घटले होते, हें खुद्द स्नो यांनींच मान्य केलें आहे.

पुढें वाचतां रेव्ह. हेन्री व्हाइटहेड भेटले. ते त्याच भागांतील तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचें म्हणणें खोटें पाडण्यासाठीं ते घरोघर हिंडले. परंतु पुरावा पंपाविरुद्धच जमत गेला, तेव्हां त्यांनीं आपलें मत उघडपणें बदललें. विहिरीलगतच्या घरांत एक तान्हें मूल प्रथम आजारी पडलें व त्याचीं दुपटीं भिजविलेलें पाणी विहिरीशेजारच्या मैलाकुंडांत ओतलें गेलें, हें त्यांनींच शोधिलें. दांडा निघाला त्याच दिवशीं त्या मुलाच्या बापालाही पटकी झाली. दांडा जागेवर असता, तर कदाचित् तोच अनर्थ पुन्हां ओढवता. म्हणजे दांडा काढल्यानें चालू सांथ थांबली असें नव्हे. पुढची मात्र टळली असावी.

दुसऱ्या दिवशीं मी वर्गापुढें उभा राहिलों. "काल मी चुकलों," हे तीन शब्द उच्चारण्यास मला बराच वेळ लागला. तो मुलगा मान खालीं घालून बसला होता; त्यानें हळूच वर पाहिलें.

आतां ती गोष्ट मी पूर्ण सांगतों. टाळ्या कमी पडतात. प्रश्न अधिक येतात.